सोलापूरहून कोकणात: किनाऱ्याला त्रास न देता सहल कशी आखावी

दिवाळी झाली की सोलापुरात दोन बेत शिजायला लागतात. एक हुरड्याचा आणि दुसरा कोकणाचा. हुरड्याला शेत लागतं, कोकणाला तीन दिवसांची सुट्टी आणि सतरा सीटर गाडी. व्हॉट्सअॅपवर ग्रुप तयार होतो, गणपतीपुळे की तारकर्ली यावर दोन दिवस वाद चालतो आणि शेवटी ज्याच्या ओळखीचा ड्रायव्हर असेल त्याचं ऐकलं जातं. या सगळ्यात कासव, डॉल्फिन, खेकडे यांचा विषय निघतो तो थेट किनाऱ्यावर पोहोचल्यावर, हातात मोबाइल घेऊन. तोवर बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग घर सोडण्याआधीच्या कामांचा आहे.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर नान्नजला माळढोकाचं अभयारण्य १९७९ साली झालं. आज तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. नुसत्या पाटीने पक्षी राहत नाही, हे सोलापूरकराला कुणी वेगळं सांगायला नको.

आधी तारीख, मग गाव

कोकणातली सर्वांत वाईट तारीख म्हणजे ३१ डिसेंबर. गर्दी, महाग खोल्या, रस्त्यावरच्या रांगा हे झालंच. पण नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्यांनी रात्री वाळूवर येऊन अंडी घालायचा काळ आहे, आणि नेमक्या त्याच रात्री किनाऱ्यावर शेकोट्या, स्पीकर आणि फटाके असतात. लाटांमधून वर येणाऱ्या मादीला उजेड किंवा हालचाल दिसली तर ती अंडी न घालताच परत फिरते. म्हणजे आपल्याला तिची चाहूलही लागत नाही आणि आपण तिला हाकललेलं असतं. जानेवारीतला मधला आठवडा, किंवा फेब्रुवारी-मार्चमधले शाळेच्या परीक्षांआधीचे दिवस बघा. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून सोमवार ते बुधवार जा. खोली स्वस्त मिळते आणि यजमानाला बोलायला वेळ असतो.

मे महिन्यात जायचंच असेल तर एक लक्षात ठेवा. कोकणात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडत असला तरी जांभा खडक पाणी धरून ठेवत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणं काय असतं हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे जाऊन शॉवरखाली अर्धा तास उभं राहणं शोभत नाही.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. किनाऱ्यावरचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईच्या आसपास बरा जुळतो. मालवणकडे तासभर मागेपुढे धरा आणि नक्की वेळ यजमानाला विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, पाणी खूप वर चढतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी. पाण्यात उतरायची वेळ, खडकांतली डबकी बघायची वेळ, खाडीत होडी जाते की नाही, सगळं यावरून ठरतं.

गाव निवडताना एकच नियम पाळा: तीन दिवसांत एक गाव. गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले असं सगळं एका दमात उरकणारी सहल डिझेल जाळते, ड्रायव्हरला थकवते आणि कुठल्याच गावाला धड पैसे देत नाही. कासवांची पिल्लं बघायची असतील तर मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोलीजवळचं आंजर्ले किंवा गुहागर. प्रवाळ आणि समुद्रातलं जग बघायचं असेल तर मालवण. कांदळवन, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल, बघायचं असेल तर वेंगुर्ले. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवनातून फिरवून आणतात, आणि कुठल्या झाडाची मुळं वर का येतात हे इतकं सोपं करून सांगतात की पोरं मोबाइल खिशात ठेवतात.

राहायला घरगुती सोय घ्या. वेळाससारख्या गावात मोठी हॉटेलं नाहीत, गावातल्या घरांतच पाहुणे राहतात. कासवाच्या निमित्ताने आलेला पैसा थेट त्या घरात जातो, आणि म्हणूनच तिथे कासवाचं अंडं खाण्यापेक्षा राखणं परवडतं. फोनवर बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: पिण्याचं पाणी भरून घ्यायची सोय आहे का, कचरा कुठे जातो, आणि रात्री किनाऱ्याच्या बाजूचे दिवे बंद करता का. तिसऱ्या प्रश्नाला मालक अडखळला तरी विचारलेला प्रश्न त्याच्या लक्षात राहतो. दहा पाहुण्यांनी विचारलं की दिवा बंद होतो.

गाडी आणि घाट

सोलापूर ते रत्नागिरी अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. मालवणला जाणारे कोल्हापूरहून राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट धरतात, गुहागरला जाणारे कराडहून कोयना आणि कुंभार्ली घाट. वेळासला पुणे-ताम्हिणी-माणगाव-मंडणगड असं जावं लागतं.

चार कुटुंबांनी चार कार काढण्यापेक्षा एक भरलेली टेम्पो ट्रॅव्हलर केव्हाही बरी. दोघं-तिघंच असाल तर एसटीचा विचार करा. राज्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत, तेव्हा आई-आजीला घेऊन निघालात तर कारच्या डिझेलपेक्षा स्वस्त पडतं. रेल्वेने जायची हौस असेल तर मात्र सोलापूरकराला कल्याण-ठाण्याकडून वळसा घालून कोकण रेल्वेची गाडी बदलावी लागते. कोल्हापूरहून कोकणात रेल्वेने थेट उतरता येत नाही. मुलांना बोगदे दाखवायचे असतील तरच तो खटाटोप करावा.

निघायची वेळ महत्त्वाची. आपली मंडळी रात्री जेवून निघतात आणि पहाटे घाटात असतात. हे घाट म्हणजे जंगल आहे. राधानगरी-दाजीपूर हे गव्यांचं अभयारण्य, कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. रात्री आणि पहाटे गवा, सांबर, उदमांजर, साप रस्ता ओलांडतात. पावसाळ्यात आंबोलीच्या रस्त्यावर तर बेडूक चाकाखाली येतात, आणि त्यातला एक भेक जगात फक्त आंबोलीच्या परिसरातच सापडतो. पहाटे चारला सोलापूर सोडा, घाट दिवसाउजेडी उतरा. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की घाटात हॉर्न आणि स्पीकर दोन्ही बंद.

आणि माकडांना काही देऊ नका. वेफर, केळं, अगदी देवाचा प्रसादसुद्धा नको. खायला मिळतं म्हणून माकडं रस्त्यावर बसतात, मग गाडीखाली येतात किंवा पुढच्या गाडीतल्या मुलाच्या हातावर झडप घालतात. अलिबाग-मुरुडकडे होडीतून कुरव पक्ष्यांना फरसाण टाकायचं जे फॅड आहे तेही याच जातीचं. आपल्या उजनीवर भिगवणच्या बाजूला हेच चालतं. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाखच्या सरोवरांवर घरटं करून हिवाळ्यात इकडे येतो. पुढच्या परतीच्या प्रवासासाठी त्याला मासे लागतात, तळलेलं बेसन नाही.

बॅग भरताना

इथे सोलापूरकर बाकी महाराष्ट्राच्या दोन पावलं पुढे आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कापडात बांधून घेतली की वाटेतला पाकिटातला खाऊ निम्म्याने कमी होतो. भाकरी दिवसचे दिवस टिकते, फ्रिज लागत नाही, मागे प्लास्टिक उरत नाही. दह्याऐवजी तिकडे सोलकढी मिळते. भाकरी तिच्यात मोडून खाऊन बघा, कोकणी यजमान आधी हसेल आणि मग रेसिपी विचारेल.

घरचा टॉवेल न्या. सोलापुरात राहून हॉटेलचा टॉवेल वापरणं तसंही लाजिरवाणं आहे, आणि रोज धुवायला टाकलेला टॉवेल त्या गावच्या विहिरीचं पाणी खातो. किनाऱ्यावर बसायला प्लास्टिकची चटई नको, जुनी सोलापुरी चादर पुरते. स्टीलच्या बाटल्या माणशी एक, वीस लिटरचा एक जार गाडीत. साबण वडीचा, शाम्पू घरच्या बाटलीत, पाऊच नको. महाराष्ट्रात एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर २०१८ पासून बंदी आहे, तरी किनाऱ्यावर सापडतं तेच.

दोन मोठ्या गोण्या सोबत ठेवा. एक सुक्या कचऱ्याची, ती भरून सोलापूरला परत आणायची. किनाऱ्यावरच्या छोट्या ग्रामपंचायतीकडे कचरा टाकायला जागा नसते. बहुतेक वेळा तो पेटवला जातो किंवा खाडीच्या कडेला पडतो, आणि पावसाळ्यात तिथून समुद्रात जातो. दुसरी गोणी डायपर आणि सॅनिटरी पॅडसाठी. हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो: ते संडासात टाकलं की टाकी तुंबते, जांभा सच्छिद्र असतो आणि शेजारीच पिण्याची विहीर असते.

कासव बघायला गेल्यावर

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी घरटं दिसलं की अंडी उकरून विकली किंवा खाल्ली जात. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच पोरांना राखणीला उभं केलं, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ओळखलं जाणारं वेळास आता कासवांचं गाव झालं.

तिथे काय होतं ते नीट कळलं तर आपण काय करायचं हे आपोआप कळतं. मादी रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर दीड फुटाचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. परत वळून बघत नाही. पहाटे कासवमित्र, म्हणजे राखणीला असलेला गावातला पोरगा, तिच्या पायांचे माग शोधत किनारा चालतो. कोल्हे, कुत्रे, डुकरं येण्याआधी अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरली जातात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळूच्या तापमानावर नर की मादी हे ठरतं, त्यामुळे घरट्यावर सावली पडणं, कुणी तिथे उभं राहून वाळू दाबणं, या बारीक वाटणाऱ्या गोष्टी बारीक नसतात. पिल्लं यायची वेळ झाली की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी कासवमित्र एकेक टोपली उचलून बघतो. खाली काही नसलं तर पुढची. कधी सगळ्या टोपल्या रिकाम्या निघतात.

हा रिकामा दिवस सहन करायची तयारी ठेवूनच जा. दोन रात्री राहिलात तर चार वेळा टोपल्या उघडतात, त्यात दिसायची शक्यता बरी असते. “आम्ही सोलापूरहून आलोय हो, एखादं तरी दाखवा” असा हट्ट धरला की त्या पोरावर दडपण येतं, आणि त्याने आजचं पिल्लू संध्याकाळच्या गर्दीसाठी थांबवून ठेवलं तर त्याची ताकद टबातच संपते. पिल्लाच्या पोटात पहिल्या पोहण्यापुरतीच शिदोरी असते.

पिल्लं सोडताना दोरीच्या मागे रहा. मुलांना पुढे बसवा, मोठ्यांनी मागे उभं राहावं. पिल्लाला उचलायचं नाही, दिशा दाखवायची नाही, पाण्यात नेऊन सोडायचं नाही. वाळूवर ते जे पन्नास-शंभर फूट रखडत चालतं, ते त्याला चालू द्या. फ्लॅश पूर्ण बंद. पिल्लू उजेडाकडे वळतं. अंधारात समुद्राचं क्षितिज उजळ असतं म्हणून ते पाण्याकडे जातं, आणि तुमचा मोबाइल त्याहून उजळ असतो. शेवटचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत दोरी ओलांडू नका, कारण मागे राहिलेलं पिल्लू वाळूच्या रंगात दिसत नाही.

रात्री किनाऱ्यावर फिरायला जाऊ नका. जायचंच तर कासवमित्राबरोबर, ओल्या वाळूवरून, टॉर्चवर लाल कागद लावून. घरटी भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत असतात. त्यामुळे क्रिकेटचे स्टंप, खड्डे, किल्ले जे काही ते ओल्या पट्ट्यात. किनाऱ्यावर गाडी घालू नका. हौसेने घातलेली कार भरतीत रुतून ट्रॅक्टरने ओढून काढल्याचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात आणि लोक हसतात. चाकाखाली चिरडलेली खेकड्यांची बिळं त्यात दिसत नाहीत. उरलेलं जेवण कुत्र्यांना घालू नका, पोसलेली कुत्री रात्री घरटी उकरतात.

मुलांना सांगायला एक खरी गोष्ट: २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं इकडे येतात हे त्यामुळे समोर आलं. २०२२ मध्ये वेळासला सॅटेलाइट ट्रान्समीटर लावून सोडलेल्या मादीचं नाव होतं प्रथमा. परतीच्या प्रवासात भारताचा नकाशा उघडून दोघींच्या वाटा शोधायला लावा, तास बरा जातो.

होडीत बसताना

डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या दापोलीपासून तारकर्लीपर्यंत सगळीकडे आहेत. गडबड एकाच ठिकाणी होते: “डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत.” हे वाक्य बोलणाऱ्या होडीत बसू नका, आणि आपणही तशी अट घालू नका. पैसे जाण्याच्या भीतीने होडीवाला कळपाच्या मागे लागतो, दुसऱ्या बाजूने दुसरी होडी येते आणि मध्ये पिल्लासह मादी अडकते. बसण्याआधीच बोलून घ्या: “दादा, दिसले नाहीत तरी ठरलेले पैसे देणार. पण दिसले की इंजिन न्यूट्रलला टाका, आपण लांबूनच बघू.” होडीवाल्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. साधारण पन्नास मीटर अंतर, समोरून आडवं जायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांत वळायचं, आणि शिट्ट्या-आरडाओरडा नाही.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग त्याच्या गाभ्यात येतो. किल्ला बघायला गेलेल्या माणसाला आपण अभयारण्यात आहोत याची जाणीवही नसते. मच्छीमारांना या अभयारण्याची पोटापाण्याच्या काळजीने धास्ती वाटत आली आहे, ती खोटी नाही. त्यामुळे “तुम्ही मासे पकडूच नका” असला शहाणपणा तिथे शिकवू नये.

स्नॉर्केलिंग करताना प्रवाळावर पाय ठेवू नका. तो दगड दिसतो पण प्राणी आहे, आणि वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर वाढतो. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालून तरंगत राहा. घाबरून पाय टेकायची वेळ त्यामुळे येत नाही. सनस्क्रीन लावण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. मासे जवळ यावेत म्हणून ब्रेड किंवा बिस्किट टाकू का, असं कुणी विचारलं तर नको म्हणा.

बाजारात शंख, प्रवाळाचे तुकडे, समुद्रघोडा विकायला दिसला तर घेऊ नका. प्रवाळ, समुद्रघोडे आणि कित्येक जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि पकडला जातो तो गिऱ्हाईकसुद्धा. किनाऱ्यावरचा रिकामा शंखही जागेवर राहू द्या, शंखात राहणाऱ्या खेकड्याला तोच पुढचा वाडा लागतो.

ताटात काय

मासे खायला जायचं आणि मासे खाऊ नका म्हणायचं, यात अर्थ नाही. फक्त काय मागवायचं ते बघा. आपण पापलेट आणि सुरमई यापलीकडे जात नाही, त्यामुळे मागणी त्या दोघांवर एकवटते. पापलेट २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर झाला, तो कमी होत चाललाय म्हणूनच. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. तेव्हा तळहाताएवढं पिटुकलं पापलेट ताटात आलं तर पुढच्या वेळी मागवू नका. बांगडा, तारली, बोंबील खा. मोरी टाळा, ती शार्क आहे. ती उशिरा वयात येते, पिल्लं मोजकी देते आणि तिची संख्या लवकर भरून येत नाही. खानावळीत मेनू कार्ड मागण्याऐवजी “ताई, आज होडीला काय लागलं?” असं विचारा. ताजंही मिळतं आणि स्वस्तही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोठा ताजा मासा मिळाला तर तो आला कुठून, असा प्रश्न पडायला हवा. सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, खिचडी मागवा, पावसात तीच चांगली लागते. शाकाहारी मंडळींना फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि उकडीचे मोदक आहेत, त्यांना काही कमी नाही.

किनाऱ्यावर जखमी प्राणी दिसला तर

पावसाळ्यात आणि वादळानंतर जाळ्यात गुरफटलेली कासवं वाहून येतात. पहिली ऊर्मी असते ती परत समुद्रात ढकलायची. ते करू नका. थकलेलं कासव पाण्यात बुडून मरू शकतं. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि गावातल्या कासवमित्राला किंवा वनरक्षकाला बोलवा. तोपर्यंत सावली करा, ओलं कापड पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. पुढच्या वल्ह्यासारख्या पायांना धरून ओढू नका, जाळं मांसात रुतलेलं असेल तर ओढून काढू नका. लोकांना वीस पावलं मागे ठेवणं हे तुमच्या ग्रुपचं मुख्य काम. डॉल्फिन असेल तर डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी-वाळू जाऊ देऊ नका.

मच्छीमाराने जाळ्यात अडकलेलं संरक्षित जनावर जाळं कापून सोडलं तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही योजना २०१८ पासून आहे. ओळखीच्या होडीवाल्याला माहीत नसेल तर सांगा. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो, तो काढायला तुमचा मोबाइल उपयोगी पडेल.

रील टाकायचीच असेल तर गावाचं नाव टाका, घरट्याची नेमकी जागा नको. समुद्री गरुडाचं घरटं किंवा रात्री वर आलेली मादी यांचे फोटो त्या मोसमात टाकूच नका, लोकेशन बंद करून मोसम संपल्यावर टाका. आणि यजमानाचा नंबर मात्र सोसायटीच्या ग्रुपवर जरूर द्या, सोबत त्याच्याकडे कोणत्या महिन्यात गर्दी नसते तेही लिहा.